फ्रेंच मवाळ? कॅनडापुरतेच!

अमेरिका खंडातल्या युरोपीय वसाहतींवरच्या लेखात स्पॅनिश तेवढे क्रूर आणि फ्रेंच त्यामानाने मवाळ, असा सूर आहे. पटला नाही. १६०८ मध्ये शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने कॅनडात क्वेबेक वसवलं तेव्हा माणसं मूठभर आणि धंदा बीव्हर या केसाळ पाणप्राण्याच्या कातड्यांचा. ती आणून देणार स्थानिक लोकच, त्यांच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल? उलट पुढच्याच वर्षी हा गडी ह्युरॉन या स्थानिक जमातीच्या बाजूने त्यांच्या शत्रू मोहॉक जमातीवर बंदूक चालवायला गेला. दुसरीकडे दक्षिण अमेरिकेत पोटोसीला (आजच्या बोलिव्हियात) १५४५ मध्ये चांदी सापडली. तिथे स्पॅनिशांना खाणीत राबणारे हात हवे होते, म्हणून स्थानिकांवर 'मिता' नावाची वेठबिगारी. आणि हेच मवाळ फ्रेंच सँ-दोमँगमध्ये (आजचं हैती) उसाच्या मळ्यांवर आफ्रिकी गुलामांना कसं पिळत होते, त्यावर लेखात एक ओळही नाही!