वॉक शिवाजी रस्त्यालाच का संपतो?

रविवारी पाहुण्यांना घेऊन हेरिटेज वॉकला गेलो. सकाळी सातला शनिवारवाडा, मग लाल महाल, कसबा गणपती, नानावाडा, विश्रामबागवाडा, मंडई आणि शेवटी मिसळ. वॉक घेणारा मुलगा बोलायला तरतरीत. कात्रजचं पाणी नानासाहेब पेशव्यांनी भुयारी नळातून शहरात कसं आणलं, पेठापेठांतल्या हौदांत कसं खेळवलं, हे त्यानं झकास रंगवलं.

मी विचारलं, "हौदावर पाणी कोण भरायचं?"

"पुणेकर, काका!" हशा.

आता मी पडलो गंज पेठेतला. (महात्मा फुले पेठ म्हणायचं, माहीत आहे. जुनी सवय.) अस्पृश्य ठरवलेल्या पुणेकरांना त्या पाणवठ्यांना शिवायची सोय नव्हती, म्हणून जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. ते घर शनिवारवाड्यापासून चालत अर्ध्या तासावर आहे. तिथे न जाता हौदांची गोष्ट पुरी होते कशी?

दगडूशेठसमोर सगळे मोबाईल काढून उभे. पाठीमागे भिडेवाड्याची जागा, फुल्यांची १८४८ची मुलींची शाळा. वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. पोराला म्हटलं, निदान जागा तरी दाखव. तर म्हणाला, "फुल्यांचा आमचा वेगळा वॉक असतो काका, जयंतीला."

इथे माझं डोकं फिरलं. वेगळा! म्हणजे शनिवार-सदाशिवकडच्या पश्चिम भागाला इतिहास बाराही महिने आणि शिवाजी रस्त्यापलीकडच्या, आमच्या गंज-गुरुवारकडच्या पूर्व भागाला एप्रिलात. दोन वॉक केले की दोन पुणी जशीच्या तशी राहतात, उलट तिकीट लावून.

आणि पूर्वेला गेल्याशिवाय पश्चिमही कळत नाही हो. गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली बडी मंडळी चहाला गेली, त्यांत रानडे होते, टिळकही. नावं छापून आली, ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) उभं राहिलं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत पोचलं. एका कप चहापायी! सदाशिव पेठेची ही गोष्ट सांगायची तर गुरुवार पेठेतच उभं राहावं लागतं.

मिसळ खाल्ल्यावर पाहुण्यांना मीच घेऊन निघालो. उन्हात कुरकुरत आले बिचारे. फुलेवाड्यात जोतीरावांच्या समाधीपाशी टेकले. पाहुण्यांची धाकटी विहिरीपाशी गेली.

"काका, हे पाणीपण कात्रजचं?"

"नाही गं. हे इथलंच."