‘काइंड’ला मराठीत शब्द नाही म्हणे!

परवा फोंड्याहून पणजीला जाताना कदंबाच्या बसमध्ये एकच फॉरवर्ड तीन ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजीत ‘काइंड’ला चाळीस समानार्थी शब्द, कुठलाही कुठेही वापरा. मराठीत एकटा ‘दयाळू’, आणि त्यातही दया करणारा वर, घेणारा खाली. ‘काइंड’ मात्र मुळापासून सगळ्यांना समान मानणारा शब्द. शेवटी गोंयकारांना टोमणा: तुम्हाला तर आभार मानायलाही परका शब्द लागतो.

मी इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते ‘कुठेही वापरा’. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘ही पेड मी इन काइंड’चे भाषांतर केले होते, ‘त्याने मला दयाळूपणे पैसे दिले’. ‘इन काइंड’ म्हणजे वस्तूच्या रूपात. प्रत्यक्षात पैसे दिलेच नव्हते, भात दिला होता! समानार्थी शब्दांचेही तसेच. ‘मर्सिफुल’ म्हणायला समोरच्याला शिक्षा करण्याची ताकद हातात हवी. न्यायाधीश मर्सिफुल असेल, शेजारीण कशी असेल? ‘बेनेव्होलंट’ म्हणजे मुळात भले चिंतणारा, पण आज तो फंडाला आणि राजाला शोभतो. ‘नाइस’ असायला काही खर्च येत नाही, गोड हसले तरी भागते. शिवाय हा ‘नाइस’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ ‘अज्ञानी’, आणि मध्ययुगीन इंग्रजीत बराच काळ तो ‘मूर्ख’ म्हणून वापरात होता. ‘काइंडली’ची गत तर भिंतीवर बघा: काइंडली डोन्ट स्पिट. आपल्या ‘कृपया थुंकू नये’मध्ये जेवढी कृपा, तेवढाच तिथे काइंडनेस.

आता ‘मुळापासून समान’. इथे फॉरवर्डवाला सपशेल आपटला आहे. काइंड हा ‘किन’चा, म्हणजे नातेवाइकांचा सख्खा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘उपजत, जन्मजात’. आपल्या रक्ताच्या माणसाशी जसे वागणे स्वाभाविक, तसे वागणारा तो काइंड. म्हणून तर ‘प्रकार’ या अर्थाचा काइंडही तोच शब्द. त्याच्या पंगतीतले जेंटल आणि जेनेरसही तसेच: जेंटल म्हणजे मुळात घराणेदार, जेनेरस म्हणजे मुळात उच्च कुळात जन्मलेला. सगळा जन्माचाच अभिमान! आणि गंमत अशी की हे तिन्ही शब्द आपल्या जन, जन्म, जाती यांच्या मुळाशीच जाऊन मिळतात. आपण सुजन या शब्दावरून ‘सौजन्य’ केले ते त्याच जनातून. म्हणजे ज्याला मराठीत शब्द नाही म्हणता, त्याचा चुलतभाऊ निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘सौजन्य: अमुक ज्वेलर्स’ म्हणून बसलेला असतो.

दयेबद्दलची तक्रार मी अर्धी मान्य करतो. ‘दयाळू’ आपण देवाला म्हणतो, शेजाऱ्याला म्हणत नाही. पण म्हणून दया म्हणजे वरून खाली टाकलेली भीक नव्हे. संस्कृतात ‘दय्’ या धातूचे अर्थ वाटून देणे, वाटा घेणे असे आहेत. तुकोबांना तर वर-खाली मंजूरच नाही: ‘दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी’. याच अभंगाची सुरुवात ‘जे कां रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले’. आपुले म्हणणे! इंग्रजीत किनवरून काइंड, तशी आपल्याकडे आपुलेवरून आपुलकी. वाट तीच. फरक एवढाच की तुकोबांनी ती रक्ताच्या नात्यापाशी थांबवली नाही.

शिवाय बोलताना आपण दयाळूपाशी अडतो कुठे? ‘शी इज काइंड’ला मी मुलांना लिहायला सांगतो, ‘बाई मायेची आहे’. कुणी कनवाळू, कुणी मायाळू, कुणी नुसतीच जीव लावणारी. कळवळा वेगळा, जिव्हाळा वेगळा. आजाऱ्याला बघून कळवळा येतो. जिव्हाळ्याला कुणी आजारी पडावे लागत नाही. एका शब्दावर मात्र सीमेवरचा घोटाळा आहे. कोकणीत ‘काकुळट’ म्हणजे कणव, मराठीत ‘काकुळतीला येणे’ म्हणजे गयावया करणे. एकीकडे देणाऱ्याचे मन, दुसरीकडे मागणाऱ्याचे. घाटावरून आलेली सून आणि पेडण्याची सासू यावर तासभर भांडू शकतात.

शब्दांची टंचाई असती तर ती आधी फादर स्टीफन्सला जाणवली असती. हा जन्माने इंग्रज. 1579 मध्ये गोव्यात आला आणि ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत लिहिले, जे 1616 मध्ये राशोलला छापले गेले. ख्रिस्ताची कथा दया, क्षमा, करुणा टाळून सांगता येत नाही. हजारो ओव्या झाल्या तरी त्याची लेखणी काही अडली नाही.

राहता राहिला परका शब्द. बसमधून उतरताना माझ्या पुढच्या म्हातारीची नारळांची पिशवी एका कॉलेजच्या पोराने खाली उतरवून दिली. ती पदर सावरत म्हणाली, ‘देव बरें करूं, पुता.’ कोकणीत आभार मानतात ते असे. भले चिंतणे ते हेच. फंड नाही, राजा नाही. पोराने कानातले इअरफोन काढले होते की नाही, कोण जाणे.