‘हा पोट्टा सोळाचा नाहीच’ म्हणणाऱ्यांना

नागपूरच्या धावण्याच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. सकाळी मानकापूरच्या ट्रॅकवर भेटणाऱ्यांकडे तो आहे आणि रविवारी अंबाझरीकडे लांब पळायला जाणाऱ्यांकडेही आहे. विषय आहे ३ ऑगस्ट २०२५ रोजी युजीनला झालेली अमेरिकन राष्ट्रीय अजिंक्यपदाची ८०० मीटरची फायनल. टेक्सासमधला कूपर लुटकेनहाउस हा १६ वर्षांचा शाळकरी पोरगा तिथे १:४२.२७ अशी वेळ देऊन दुसरा आला. पहिला डोनाव्हन ब्रेझियर, १:४२.१६. तिसरा ब्राइस हॉपेल, १:४२.४९. हा हॉपेल पॅरिस ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता, म्हणजे मागे पडलेला माणूसही साधासुधा नव्हता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पोराने वय चोरलंय, एका फटक्यात तीन सेकंद कमी होतात ते फक्त इंजेक्शनने, ते नसेल तर सगळी बुटांची कमाल, सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पहिल्याच फेरीत गळाला, म्हणजे युजीनचा तुक्का होता. आणि शेवटी सल्ला: ‘आपल्या पोट्ट्यांनाही बाराव्या वर्षापासून दोन टाइम रगडा, नागपूरचाही निघेल.’ आता पहिली चार वाक्यं म्हणतात हा फसवा आहे आणि पाचवं म्हणतं असाच एक आपल्याकडेही घडवा. लिहिणाऱ्याने एकदा ठरवून तरी घ्यावं.

वयापासून सुरू करू. हा संशय आपल्या डोक्यात पहिला का येतो, हे इथल्या शालेय स्पर्धांना हजर राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. नोंदणीच्या टेबलावर बाप प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून जन्मदाखला काढतो. टेबलामागचा जुना माणूस जन्मतारीख नंतर वाचतो, आधी नोंदणीची तारीख बघतो. पोरगं चौदाचं आणि दाखला गेल्या वर्षी काढलेला असला की तो चष्मा वर करून बापाकडे बघतो, आणि बाप ‘खेड्यावरून आणायला उशीर झाला साहेब’ म्हणतो. कधी ते खरंही असतं. म्हणूनच आपल्याकडे ज्युनियर गटांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघण्याची पद्धत आहे.

पण आपल्या टेबलावरचा अनुभव टेक्सासला चिकटवायचा तर हातात काहीतरी हवं. लुटकेनहाउसचा जन्म डिसेंबर २००८चा. तो शाळेत कितवीत आहे, त्या इयत्तेत त्याने काय वेळ दिली, हे सगळं वर्षावर्षाचं जाहीर आहे आणि त्याच्याकडून हरलेल्या पोरांच्या आईबापांनीही ते वाचलंय. तिथे कुणी बोट ठेवलेलं नाही. मेसेजमध्ये पुरावा म्हणून काय आहे? त्याचा फोटो. ‘चेहरा बघा, हा बावीसचा हाये.’ राजेहो, चेहऱ्यावरून वय ठरवायचं तर आमच्या बॅचचे निम्मे पोट्टे दहावीतच लग्नाचे दिसत होते.

राहिलं ‘या वयात शक्यच नाही’. २०१२च्या लंडन ऑलिंपिकची ८०० मीटरची फायनल काढून बघा. डेव्हिड रुडिशाने १:४०.९१चा विश्वविक्रम केला, ते सगळ्यांना आठवतं. त्याच्यामागे दुसरा आला बोत्स्वानाचा नायजेल अमोस, १:४१.७३, वय १८. तिसरा आला केनियाचा टिमोथी किटुम, १:४२.५३, वय १७. म्हणजे सतरा वर्षांचा पोरगा १:४२मध्ये धावून ऑलिंपिकचं पदक घेऊन गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. लुटकेनहाउसच्या आधी अठराखालच्या गटातली सर्वोत्तम वेळ इथिओपियाच्या मोहम्मद अमानची होती, २०११ मधली १:४३.३७ (हा गट वर्षअखेरच्या वयावर ठरतो, म्हणून २०१२ अखेर अठरा पूर्ण करणारा किटुम त्यात येत नाही). पुढे २०१३ला मॉस्कोत हाच अमान विश्वविजेता झाला. तेव्हा सोळाव्या वर्षी १:४२.२७ हे अपूर्व आहे, यात वाद नाही. पण ते आभाळातून पडलेलं नाही.

आता तीन सेकंद. मेसेजमधला हाच मुद्दा ऐकायला वजनदार वाटतो, आणि याच्यावरच ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त भांडण झालं. हिशेब खरा आहे. त्याची आधीची सर्वोत्तम वेळ १:४५.४५, म्हणजे फरक ३.१८ सेकंदांचा. त्या वेगात हे जवळजवळ पंचवीस मीटर होतात. डोळे विस्फारण्यासारखंच आहे.

फक्त मेसेजने त्याआधीची शिडी गाळली. २०२४ मध्ये १:४७.५८. २०२५च्या जूनमध्ये आधी १:४६.२६, म्हणजे मायकेल ग्रॅनव्हिलचा १९९६पासूनचा १:४६.४५चा अमेरिकन शालेय विक्रम मोडला. त्याच महिन्यात १:४५.४५. पोरगा दर शर्यतीत खाली येतच होता, आणि या सगळ्या शालेय शर्यती होत्या, जिथे विक्रमाच्या वेगात त्याला ओढून नेणारं पुढे कुणी नसतं. आठशेत हा फरक मोठा असतो. पुढच्याच्या पाठीशी राहिलं की वारा तो खातो, वेग तो ठरवतो, आपण फक्त सुटायचं नाही. युजीनला त्याच्या पुढे एक विश्वविजेता (ब्रेझियर) आणि एक ऑलिंपिकमधला चौथा (हॉपेल) होता. फायनल सुरुवातीपासून वेगात गेली आणि पहिले तिघेही १:४२मध्ये आले.

वेगवान शर्यत सगळ्यांनाच कशी खेचते, हे भारतीयांना कुणी शिकवायला नको. १९७६, माँट्रियल. आपले श्रीराम सिंग फायनलमध्ये पुढे सुटले आणि ट्रॅकची पहिली फेरी, म्हणजे पहिले चारशे मीटर, त्यांनी ५०.८५ सेकंदांत काढली. त्या वेगाचा फायदा क्युबाच्या अल्बर्टो हुआंतोरेनाने उचलला आणि १:४३.५०चा विश्वविक्रम केला. श्रीराम सिंग सातवे आले, पण वेळ होती १:४५.७७. तो राष्ट्रीय विक्रम मोडायला २०१८ उजाडलं. जिन्सन जॉन्सनने गुवाहाटीला १:४५.६५ दिली तेव्हा कुठे. बेचाळीस वर्षं! माँट्रियलच्या त्या दिवसाला कुणी इंजेक्शन म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी. ‘शेवटी रॉकेटसारखा सुटला, माणूस असा सुटतच नाही’ असं खूप जणांनी लिहिलंय. वेगवान आठशेत शेवटी बहुतेक सगळेच मंदावलेले असतात. रुडिशाच्या विश्वविक्रमाच्या दोन फेऱ्या ४९.२८ आणि ५१.६३ अशा आहेत, म्हणजे दुसरी २.३५ सेकंदांनी हळू. पडद्यावर जो सुटल्यासारखा दिसतो, तो बहुतेक वेळा इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो. आठशे मीटरला लागणाऱ्या ताकदीतला साधारण दोनतृतीयांश वाटा श्वासावर चालणाऱ्या ताकदीचा असतो, निव्वळ स्प्रिंटचा नाही. पहिल्या फेरीत सांभाळून राहिलेला पोरगा शेवटच्या शंभरात चार जणांना गाठतो, हे आपल्या जिल्हा स्पर्धेतही दिसतं. फरक इतकाच की तिथे पहिली फेरी अठ्ठावन्नची आणि दुसरी सत्तरची असते.

औषधाबद्दल एवढंच: कुणाबद्दलही शपथ घ्यायला मी बसलेलो नाही. नायजेल अमोससारख्या धावपटूवरही पुढे बंदी आली. पण नुसत्या वेळेवरून सोळा वर्षांच्या पोरावर आरोप करायचा, आणि तोही आपण? जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३च्या आकड्यांत भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यातले २१३ पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या प्रमाणात चाचण्या करणाऱ्या देशांत सगळ्यात वाईट. हा आकडा कुठल्या ग्रुपवर फिरताना मला दिसला नाही.

बुटांचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. गेल्या काही वर्षांत आलेल्या स्पाइक्सच्या, म्हणजे खिळ्यांच्या बुटांच्या, फोमने आणि प्लेटने वेळा खाली आल्या आहेत, आणि म्हणून २०११चा अमान आणि २०२५चा लुटकेनहाउस सेकंदाला सेकंद लावून तोलू नयेत, हे मान्य. पण नोव्हेंबर २०२४पासून ट्रॅकवरच्या सगळ्या शर्यतींना तळव्याची जाडी २० मिलिमीटरपर्यंतच चालते, आणि नियम सगळ्यांना सारखा. हॉपेल काही अनवाणी पळत नव्हता. किटुमची १:४२.५३ तर हे बूट येण्याच्या कितीतरी आधीची. आणि कुणी पेसरचं, म्हणजे वेग ठेवायला मुद्दाम पुढे लावलेल्या धावपटूचं म्हणाल, तर राष्ट्रीय अजिंक्यपदात पेसर नसतो, तो निमंत्रितांच्या शर्यतींत असतो.

टोकियो. होय, जागतिक स्पर्धेत तो पहिल्या फेरीत बाहेर पडला. तिथे एमॅन्युएल वान्योनीने १:४१.८६ मध्ये सुवर्ण घेतलं आणि त्याच्यामागचे दोघेही १:४१मध्ये होते. पण ‘पहिल्या फेरीत बाद म्हणजे आधीची वेळ तुक्का’ या न्यायाने युजीनला पहिला आलेल्या ब्रेझियरचं काय करायचं? २०१६च्या जूनमध्ये १९ वर्षांच्या ब्रेझियरने अमेरिकन विद्यापीठ स्पर्धेत १:४३.५५ दिली आणि असाच गाजावाजा झाला. महिनाही झाला नाही तो ऑलिंपिकच्या निवड चाचणीत गडी पहिल्याच फेरीत बाद. तेव्हाही लोक म्हणाले असतील की संपलं. २०१९ला दोहात तो १:४२.३४ देऊन विश्वविजेता झाला. मग २०२२च्या जागतिक स्पर्धेत पुन्हा पहिल्या फेरीत बाहेर. पुढे दुखापती, शस्त्रक्रिया, काही वर्षं गायब. आणि २०२५ मध्ये परत येऊन १:४२.१६, आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. यातला नेमका तुक्का कोणता, ते मेसेजवाल्याने कळवावं. आणि लुटकेनहाउसला युजीनची फायनलही काही थेट मिळालेली नव्हती, आधीच्या फेऱ्या पार करूनच तो तिथे आला होता.

इथवरचं सगळं ग्रुपवरची करमणूक म्हणून सोडून देता आलं असतं. शेवटच्या सल्ल्यामुळे लिहायला बसलो. ‘बाराव्या वर्षापासून दोन टाइम रगडा’ हे वाचून मुलांना घेऊन येणारे पालक आता ट्रॅकवर दिसतात. बारा-तेराच्या पोराचं हाड अजून वाढतंय. गुडघ्याखाली नडगीच्या टोकाला जिथे मांडीच्या स्नायूची ओढ येते, तिथे टेंगूळ येतं, दुखतं, बसता-उठता कळ येते. डॉक्टर त्याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात, आणि वाढीच्या वयात उड्या-धावणं जास्त झालं की ते सर्रास दिसतं. पोरगं थोडं लंगडत येतं, बाप म्हणतो ‘गरम झालं की जाते ते’, आणि चारशेचे रिपीट सुरू. मुलींमध्ये कमी खाणं आणि जास्त पळणं एकत्र आलं की पाळी थांबते, हाडांना बारीक चिरा जातात. त्यात आपला एप्रिल-मे. सकाळी सातनंतर ट्रॅक तापायला लागतो आणि संध्याकाळी सहालाही पायाखालून वाफ येते. ‘दोन टाइम’ लिहिणाऱ्याने नागपुरात मे काढलाय की नाही, शंका आहे.

लुटकेनहाउसच्या वेळा बघून कुणाला घाई सुटत असेल तर अविनाश साबळेकडे बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा पोरगा. लहानपणी शाळेला पायी-पळत गेला, पण बाराव्या वर्षी त्याला कुणी स्टीपलचेसला, म्हणजे त्याच्या तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीला, जुंपलं नव्हतं. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, खरी स्पर्धात्मक धाव त्यानंतर सुरू झाली. २०१८ मध्ये ८:२९.८० देऊन त्याने गोपाल सैनींचा १९८१चा विक्रम मोडला आणि २०२४ला पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८:०९.९१ वर आला. टेक्सासचा रस्ता वेगळा, मांडव्याचा वेगळा.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला पटलं. कंसात, घाईघाईत लिहिलंय: ‘आपल्याकडे आठशेवाल्यांना कोणी बघत पण नाही.’ खरं आहे. शंभरच्या फायनलला कठड्यावर माणसं चढतात. आठशे लागते तेव्हा अर्धी गर्दी चहाला गेलेली असते, शेवटच्या फेरीची घंटा वाजली तरी आतल्या लेनमधून कुणीतरी निवांत चालत असतं, आणि चौथ्या-पाचव्या पोराची वेळ घ्यायला घड्याळवाला उरत नाही. त्याची वेळ कुठेच लागत नाही. पुढच्या वर्षी तो किती सुधारला, हे मग सांगणार कशावरून? पुढच्या जिल्हा स्पर्धेत आठशेच्या रेषेवर आठ घड्याळं हवीत. ग्रुपवरच्या ज्यांना यायचं असेल त्यांनी आपलं आणावं.