मुलं आहेत हो, चालायचंच!

गेल्या शनिवारी पालकसभेला जाऊन आलो आणि माझ्या ज्ञानात एवढी भर पडली की ते एकट्याने दाबून ठेवणं बरं दिसणार नाही. तेव्हा ज्यांच्या लेकराला वर्गात डोळ्यांवरून, नाकावरून, रंगावरून रोज काही ना काही ऐकावं लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी ज्यांच्या वर्गशिक्षिका फळ्याकडे तोंड करून उभ्या असतात, अशा सर्व पालकांसाठी हे मोफत मार्गदर्शन.

आधी पात्रपरिचय. मी मराठी. बायको मिझोरामची, ऐझॉलची. मुलगी सहावीत. डोळे आईवर गेलेत, जीभ माझ्या आईवर. वर्गात तिची नावं तीन: चिंकी, चायना आणि मोमो. दुसरीत असताना, शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा, 'कोरोना' असंही एक होतं, पण साथ ओसरली तसं तेही मागे पडलं. हजेरीपटावर आणखी एक नाव आहे, ते फक्त हजेरीपुरतं.

सल्ला पहिला. मूल रडत घरी आलं की दप्तर उतरवायच्या आत विचारा, "तू काय केलं होतंस आधी?"

सल्ला दुसरा. बाईंना भेटायला जायचं तर हसत जा. "इकडून चाललोच होतो, म्हटलं डोकावून जावं," अशी सुरुवात करा. तक्रार हा शब्द तोंडातून निसटू देऊ नका, 'जरा कानावर घालायचं होतं' म्हणा. मग बाई तीनपैकी एक उत्तर देतील. "मुलं आहेत हो, चालायचंच." किंवा "तीच जरा मनाला लावून घेते." किंवा "मी बघते." यातल्या तिसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवा. बाई खरंच बघतात. जूनपासून बघतायत.

सल्ला तिसरा. जागा बदलून मागा. चिडवणाऱ्याची नव्हे, त्याचं लक्ष विचलित होईल. आपल्या मुलीची. आमच्या कन्येने या वर्षात चार बाक पालथे घातले. खिडकीजवळ, दाराजवळ, बाईंच्या टेबलाला खेटून, आणि आता अगदी शेवटी, एकटी. "तिथे तिला कोणी त्रास देणार नाही." बरोबर आहे. तिथे कोणीच नाही.

सल्ला चौथा. तक्रारपेटीच्या नादी लागू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर शासनाने शाळांना तिची पुन्हा आठवण करून दिली, म्हणून आमच्याकडेही छान रंगवलेली पेटी लागली आहे. किल्ली वर्गशिक्षिकेकडे असते.

सल्ला पाचवा, फोटोंबाबत. हा जरा सविस्तर सांगतो, कारण शनिवार सगळा यातच गेला.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाईंनी सहलीचा फोटो टाकला. खाली "आमची फुलपाखरं!" आणि चार बदाम. फोटोत माझी मुलगी पहिल्या रांगेत, तोंडभर हसतेय. तिच्या बरोब्बर मागे तीन पोरं उभी आहेत. तिघांनी दोन्ही हातांच्या बोटांनी आपापले डोळे कानापर्यंत ताणलेत. एकाने दातही पुढे काढलेत. फोटोवर अठरा पालकांचे अंगठे. तिघांपैकी एकाच्या आईने लिहिलं, "आमचं ध्यान बघा, एक फोटो सरळ काढू देत नाही!" त्याला आणखी सहा हसरे चेहरे.

अशा वेळी आदर्श पालकाने काय करावं? अंगठा द्यावा. एकोणिसावा.

मी तो दिला नाही, इथेच माझं चुकलं. मी पालकसभेत मोबाइल पुढे धरला आणि म्हटलं, "बाई, हा फोटो काढून टाका आणि या मुलांशी बोला." बाईंनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, नीट पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, पण ती हसतेय की!"

हसतेय. हसतेय कारण तिच्या डोक्याला मागे डोळे नाहीत. हसतेय कारण कॅमेऱ्यामागून तुम्हीच "हसा सगळ्यांनी" म्हणालात. कॅमेरा तुमच्या हातात होता बाई! तुमच्याकडे तोंड करून तिघं उभे होते. तुम्हाला तिची वेणी सुटलेली दिसली, ती तुम्ही नीट करायला लावलीत, हे तिनेच घरी येऊन कौतुकाने सांगितलं. वेणी दिसली आणि सहा हात दिसले नाहीत? मग रात्री निवांत बसून चाळीस फोटोंतून हा एक निवडलात, तेव्हाही नाही? आणि वर मला समजावता, "टाळी एका हाताने वाजत नाही." नाही वाजत ना. थोबाडीत मात्र एका हाताने बसते. खाणाऱ्याचा फक्त गाल लागतो, आणि तो तिने मुद्दाम पुढे केलेला नसतो. "ती पण कधीतरी उलट बोलते," म्हणे. बोलते! एकाला जाड्या म्हणाली एकदा, त्याच्यासाठी तिला अख्खा तास उभं केलंत. तेव्हा नाही आठवलं चालायचंच?

माफ करा. मार्गदर्शन चाललं होतं.

सल्ला सहावा. आपल्या जागेचा नम्रपणे खुलासा करत राहा. सभेत एक सद्गृहस्थ आपुलकीने म्हणाले, "तिकडे शिक्षणाची काही सोय नसेल ना, म्हणून इकडे घातलंत?" अशा माणसाला आकडे सांगू नयेत, त्याचा हिरमोड होतो. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची साक्षरता ९१.३३ टक्के होती आणि आपल्या पुरोगामी महाराष्ट्राची ८२.३४. मे २०२५ मध्ये तर मिझोराम पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झालं. हे मी सांगितलं. त्यावर बाईंनीच विचारलं, "पण तिकडे जायला व्हिसा लागतो ना?" परवाना लागतो, बाई, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला. तो मला लागतो, माझ्या बायकोला नाही.

सल्ला सातवा. शाळेच्या कार्यक्रमांत मिळेल ती भूमिका आनंदाने स्वीकारा. तीन जानेवारीला बालिका दिन होता. पोरीने सावित्रीबाईंचं भाषण पाठ केलं होतं, दीड पान, एकही अडखळ नाही. माझ्या आईने जुनं लुगडं कापून तिच्या मापाचं केलं. तालमीत बाई म्हणाल्या, "भाषण उत्तम आहे गं, पण चेहरा शोभायला हवा ना." भाषण दुसरीला दिलं. हिला 'देशोदेशीच्या मुली' या नाचात घेतलं. कोणता देश, ते विचारू नका. "हिला मेकअपही लागणार नाही," हे कौतुक होतं बरं का. कार्यक्रमात मुख्याध्यापक सर भरल्या गळ्याने बोलले: १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की लोक शेणगोळे मारायचे, चिखल फेकायचे, तरी त्या थांबल्या नाहीत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. विंगेत माझी मुलगी हातात कागदी पंखा घेऊन उभी होती.

सल्ला आठवा. प्रतिज्ञेच्या वेळी आवाज खणखणीत ठेवायला सांगा. "सारे भारतीय माझे बांधव आहेत" या ओळीवर मागून चिमटा येतो, तिथे थांबायचं नाही.

सल्ला नववा. लेखी काहीही देऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं आणि सगळे सुखी राहतात. लेखी अर्ज दिला की त्यावर तारीख येते, आणि दोन प्रती नेऊन एकीवर शाळेचा शिक्का आणि सही घेतली की उद्या कोणाला "आम्हाला कोणी सांगितलंच नाही" असं म्हणता येत नाही. केवढी अडचण त्यांची! तसंच घरी वहीत तारीखवार नोंद ठेवू नका, की कोण, काय म्हणालं, कोणत्या तासाला, तेव्हा वर्गात कोण शिक्षक होते. फोटो, मेसेज जपून ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ वाचू नका, त्यात मुलाच्या मानसिक छळाला मनाई आहे. कलम २९ तर मुळीच नको, त्यात मूल भीतीपासून मुक्त असावं असं काहीतरी भलतंच लिहून ठेवलंय. मुख्याध्यापकांनी दाद दिली नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मूल स्वतः, फुकट, फिरवू शकतं. विसरून जा. ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या माणसाला 'चिंकी' म्हटलं तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, असं केंद्रीय गृहखात्याने २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं. हे मी सभेत बोललो मात्र, आणि खोली गार पडली. "लहान मुलांना तुरुंगात घालणार का तुम्ही?" फोटोखाली 'आमचं ध्यान' लिहिणाऱ्या त्या आई म्हणाल्या.

नाही घालायचंय हो कोणाला तुरुंगात. ती पोरं वाईट नाहीत. त्यांतला एक गेल्या वर्षीपर्यंत आमच्याकडे जेवायला यायचा. अकरा वर्षांच्या पोराने एकदा डोळे ताणून दाखवले, ते कोणाकडून तरी पाहून. कोणी थांबवलं नाही. दुसऱ्यांदा ताणले, लोक हसले. तिसऱ्यांदा बाईंनी फोटो काढला.

२९ जानेवारी २०१४ ला दिल्लीत लाजपत नगरमध्ये निडो तानिया नावाचा अरुणाचलचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानापाशी थांबला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून, दिसण्यावरून तिथल्या लोकांनी गंमत केली. तो चिडला, त्याने दुकानाची काच फोडली. मग त्याला मारलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. मारणारेही कधीतरी सहावीत असतील, त्यांच्याही कोणी बाई असतील. त्यानंतर केंद्राने नेमलेली बेझबरुआ समिती बसली, तिने त्याच वर्षी अहवालात सांगितलं की ईशान्य भारत शाळांमधून शिकवा. २०१७ मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ईशान्येवर पुस्तकही काढलं. आमच्या शाळेच्या वाचनालयात मी विचारलं. नाही.

मार्गदर्शन बास झालं. जमत नाही मला.

बाई, सरळ बोलतो. तुम्ही दुष्ट नाही. साठ पोरं, पेपरांचे गठ्ठे, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं, सगळं कळतं मला. पण "असं बोलायचं नाही" एवढी तीन शब्दांची ताकीद द्यायला किती वेळ लागतो? त्याला समिती लागत नाही, परिपत्रक लागत नाही. गृहपाठ नाही केला तर तुमचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. तुम्ही गप्प बसलात, त्यातून वर्गाला काय कळलं माहीत आहे? चालतं, हे कळलं. आणि माझ्या मुलीला कळलं की हे मोठ्या माणसांना सांगून उपयोग नसतो. आता ती सांगत नाही. वहीत काय नोंदवायचं, ते मला तिच्या मैत्रिणीला विचारावं लागतं.

आणि पालकहो, तुम्हीसुद्धा. अठरा अंगठे! मेरी कोमने पदक आणलं की "भारताची लेक", आणि तोच चेहरा तुमच्या पोराच्या बाकावर बसला की मोमो? माझंही सांगून टाकतो. हॉस्टेलवर आमच्या मजल्यावर मणिपूरचा एक मुलगा होता, चार वर्षं आम्ही त्याला एकाच नावाने हाक मारली, आणि ते त्याचं नाव नव्हतं. तोही हसायचा. लग्न झालं नसतं तर हा फोटो पाहून मीही हसलो असतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतोय.

अर्ज लिहून झालाय. दोन प्रती. सोमवारी साडेसातला शाळेच्या ऑफिसात असेन, शिक्का घेतल्याशिवाय हलणार नाही.

तोवर एक करा, बाई. तो फोटो अजून ग्रुपवर आहे. काल विसावा अंगठा आला. आधी तो काढा.