अठराव्या वर्षानंतरचं माहेर

४ जानेवारी २०२२च्या रात्री अनाथ मुलांच्या माई सिंधुताई सपकाळ गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरात कुणाचा विश्वासच बसेना. नोव्हेंबरातच राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेताना त्यांना टीव्हीवर पाहिलं होतं. ते कपाळभर कुंकू, तो डोक्यावरचा पदर. नंतर हर्नियाचं ऑपरेशन झालं, पुण्यात दवाखान्यात आहेत, एवढं कानावर आलं होतं. पण चार दिवसांत बऱ्या होतील, परत कुठल्यातरी गावात माइकसमोर उभ्या राहतील, असंच सगळ्यांनी धरलं होतं. हृदयविकाराचा झटका आला आणि माई गेल्या. माझी आई त्या रात्री जेवली नाही. तिच्या सख्ख्या बहिणीच्या वेळीही मी तिला इतकं गप्प पाहिलं नव्हतं.

माई महानुभाव पंथाच्या. दहन झालं नाही, पुण्यात ठोसर पागेत शासकीय इतमामात त्यांचं दफन झालं.

तेव्हापासून दर जानेवारीत त्यांची तीच गोष्ट फिरते. वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघेतली गुराख्याची पोर, नको असलेली म्हणून नाव चिंधी. शाळा चौथीपर्यंत, लग्न लहानपणीच. शेण गोळा करणाऱ्या बायकांना मजुरी मिळावी म्हणून ती भांडली, त्याचा सूड म्हणून तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं गेलं आणि नवऱ्याने दिवस भरलेले असताना घराबाहेर काढलं. गोठ्यात बाळंतपण, नाळ दगडाने ठेचून तोडलेली, स्मशानातल्या चितेवर भाजलेली भाकरी. हे सगळं खरं आहे. माई स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना ऐकणाऱ्याला रडवायच्या. त्या रडण्यातूनच मुलांचं जेवण यायचं. भाषण संपलं की त्या पदर पसरायच्या. आमच्या तालुक्याच्या गावी गणपतीच्या व्याख्यानाला त्या आल्या होत्या तेव्हा आईने महिन्याच्या किराण्याचे पैसे त्या पदरात टाकले. घरी आल्यावर बाबा एका शब्दाने बोलले नाहीत.

पण मला वाटतं, आपण त्यांचं दुःखच तेवढं जपून ठेवलं आणि त्यांनी केलेलं काम विसरत चाललो. दगड सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत त्या रोज काय करत होत्या, हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ‘अनाथ मुलं सांभाळायच्या’ इथेच संपतं.

गोठ्यातून उठून ती ओली बाळंतीण आईच्या दारात गेली होती. आईनेही घरात घेतलं नाही. बाळंतीण लेक माहेरी येणं ही आपल्याकडे सगळ्यात साधी, सगळ्यात गृहीत धरलेली गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरचं, दिवाळसण माहेरचा, नवऱ्याशी बिनसलं तर चार दिवस टेकायला जागा माहेरची. तेच दार तिच्यासाठी बंद झालं. मग रेल्वेत गाणी म्हणून भीक मागणं, फलाटावरची पोरं गोळा करणं. पुढे चिखलदऱ्यात व्याघ्र प्रकल्पामुळे उठवल्या जाणाऱ्या चौऱ्याऐंशी गावांतल्या आदिवासींसाठी लढणं, आणि तिथेच मुलींचं वसतिगृह, सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं. नंतर सासवडजवळ कुंभारवळणला ममता बाल सदन, पुण्याजवळ मांजरीला सन्मती बाल निकेतन. पोटची लेक त्यांनी पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे वाढायला दिली. आपलं आणि परकं एका ताटात जेवायला बसलं तर हात आपल्याकडे झुकेल, ही भीती. हा निर्णय मला अजूनही पेलत नाही. मी दोन मुलांची आई आहे, मला हे जमलं नसतं. म्हणूनच त्यांच्यापुढे मान खाली जाते.

त्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग हा: माईंच्या संस्थेत अठरा पूर्ण झाले म्हणून कुणाला जावं लागत नसे.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कायद्याने मूल म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं. बालगृहात राहणारी मुलगी अठराची झाली की तिथला मुक्काम संपतो. पुढे अनुरक्षणगृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांना राहण्याची, सोय आहे, बालन्याय कायद्यात त्याची तरतूदही आहे, पण तीही साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि जागा मिळाली तर. तुमची-माझी लेक अठराव्या वर्षी कुठे असते? बारावीचा निकाल हातात, कॉलेजच्या फॉर्मवर बापाची सही, मेस आवडली नाही म्हणून घरी फोन. त्याच वयात या मुलींच्या हातात एक पिशवी आणि कागदांची फाईल येते. खोली भाड्याने हवी तर जामीन कोण? दिवाळीत हॉस्टेल बंद झालं की जायचं कुठे? फॉर्मवर ‘पालक’ या रकान्यात काय लिहायचं?

माईंचं उत्तर सोपं होतं. लिही, सपकाळ. शिक्षण होईपर्यंत राहा, पायावर उभी राहा, लग्न ठरलं तर लग्न मी लावून देते. त्यांचे जावई दोनशेच्या वर होते, हजारांवर लेकरं, नातवंडांची गणतीच नाही. वकील, डॉक्टर, शिक्षक झालेली लेकरं त्याच घरात परत येत होती. जावई म्हटला की सण आला, मानपान आला, लेकीचं बाळंतपण आलं, भांडण झालं तर मध्यस्थी आली. एवढा सगळा पसारा भाषणांच्या पैशावर. जिला स्वतःला माहेर मिळालं नाही तिने शेकडो मुलींना ते दिलं, आणि एखाद्या वर्षापुरतं नव्हे, आयुष्यभराचं.

नवऱ्याला त्यांनी म्हातारपणी आश्रमात ठेवून घेतलं, माझं सगळ्यात मोठं लेकरू म्हणून ओळख करून दिली, यावर लोक फार भारावतात. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या त्याच्याकडे परत गेल्या नाहीत. तो त्यांच्या दारात आला, लेकरू म्हणून. ‘सगळं सहन करावं, शेवटी नवरा पाया पडतो’ असा अर्थ त्यातून काढणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही.

राज्याने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. ते फार उशिरा आलं, पण आलं हे चांगलंच झालं. तरी आरक्षणाने नोकरी मिळेल, रविवारी जेवायला बोलावणारं घर मिळणार नाही. ते काम आपलं आहे. आपण काय करतो? मुलाच्या वाढदिवसाला जवळच्या आश्रमात केक आणि पुलाव घेऊन जातो. चांगलंच आहे, मीही नेला आहे. पण ती चिमुरडी सगळ्यांनाच गोड वाटतात. सतरा-अठराची मुलगी कोपऱ्यात वाढायला मदत करत असते, तिच्याशी कुणी बोलत नाही. पुढच्या वर्षी गेलो तर ती तिथे नसते, आणि कुठे गेली असं आपण विचारतही नाही.

म्हणून एक विनंती. ज्यांच्याकडे पुण्यात, नागपुरात, संभाजीनगरात, कुठेही एखादी खोली भाड्याने द्यायची आहे, त्यांनी संस्थेतून आलेल्या मुलीला ‘आईवडील कुठे असतात’ विचारून परत पाठवू नका. ज्यांचं दुकान, दवाखाना, ऑफिस आहे त्यांनी अशा एका मुलीला कामावर घ्या. आणि काहीच नसेल तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जाऊन विचारा, यंदा अठरा पूर्ण होणाऱ्या मुली किती आहेत आणि त्यांना काय लागणार आहे. आमच्या भिशीतल्या बायकांनी या महिन्यापासून एका मुलीच्या नर्सिंगच्या फीचं ठरवलं आहे. दिवाळीला ती आमच्याकडे येणार आहे. कुणाला यात यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, मुलीचं नाव मात्र विचारू नका.