श्रद्धा कमी पडली म्हणे!

आज प्रवचनाला बाहेरून कोणी पाहुणे आले होते, ते बिनधास्त बोलून गेले की व्यसनी माणसाची श्रद्धाच कच्ची असते. माझा धाकटा भाऊ शेजारीच बसलेला. दोन वर्षं झाली त्याला दारू सोडून. त्याने मान खाली घातली आणि शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसला. डोकंच फिरलं माझं.

कारण पहिल्यांदा सोडली तेव्हा त्याचे हात इतके थरथरायचे की बटण लागायचं नाही. पहाटे तीनला मी घाबरून आमच्या फादरना फोन केला. आले, जिन्यात त्याच्या शेजारी बसले, प्रार्थना नाही की उपदेश नाही, त्याची बटणं लावून दिली, एक चुकीच्या काजात गेलं ते काढून परत लावलं आणि म्हणाले, चल, आधी डॉक्टरकडे. दारू एकदम तोडली की फिट येऊ शकते हे आम्हा घरच्यांना कुठे माहीत होतं, त्यांना होतं!

हो, सगळेच धर्मगुरू असे नसतात आणि नुसत्या सोबतीने व्यसन सुटत नाही, औषधं लागतात, दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगा लागतात. मान्य. पुढे?

अहो, ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, ती सुरू करणाऱ्या बिल विल्सनची गोष्ट बघा. १९४० सालच्या शेवटी भर पावसात रात्री काठी टेकत फादर एड डाउलिंग त्याला भेटायला आले. फादर स्वतः दारुडे नव्हते. बिलची सुटून सहा वर्षं होत आली होती, तरी माणूस आतून पार खचलेला. त्या रात्री त्याने त्यांच्यापाशी सगळं ओकलं, आणि १९६० मध्ये फादर जाईपर्यंत ती मैत्री टिकली. श्रद्धा कच्ची होती काय त्याची?

ए.ए.च्या बारा पायऱ्यांतल्या पाचव्या पायरीत देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी चुका कबूल करायच्या असतात. मला विचाराल तर तो आणखी एक माणूसच अवघड. देव काही समोर बसून "मग?" असं विचारत नाही. भावाने ती पायरी आमच्या फादरपाशीच केली, चार तास. मध्ये एकदा स्लिप झाली, म्हणजे परत प्यायला, तेव्हा तोंड लपवत होता, तर फादरनी फोनवर एवढंच विचारलं, "बटणं लागतायत ना रे?" रडला तो. मीपण.

आज त्या पाहुण्यांना गाठून सुनावणारच होते, पण भावाने हात धरला, म्हणाला ताई जाऊ दे ना, त्यांना कुणी पहाटे तीनला फोन केला नसेल.

म्हणून गेले नाही. पण राग काही जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.