परदेशी चघळायची चॉकलेटं मागवायची तर दिवाळी ते होळी

गोळी असो, टॉफी असो, आपल्याकडे सगळ्यालाच चॉकलेट म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द. जपान, कोरिया, थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनामची चघळायची चॉकलेटं आता ऑनलाइन मागवली की तालुक्याच्या गावापर्यंत पोचतात. पण बहुतेक लोक ती मागवतात एप्रिल-मे महिन्यात, लेकरांच्या शाळांना सुट्ट्या लागल्या की. मग पाकिटातून चिकट लगदा निघतो आणि लोक म्हणतात, एवढे पैसे देऊन नुसती साखरच आली. ठाम सांगतो, विदर्भात हा माल दिवाळी ते होळी एवढ्याच काळात मागवावा. उन्हाळ्यात चाखून त्याला नावं ठेवणं हा त्या चॉकलेटावर अन्याय आहे.

हे चॉकलेट कसं बनतं ते पाहिलं की कारण कळतं. साखर आणि ग्लुकोजचा पाक साधारण १२० अंशांवर शिजवतात, त्यात पामतेलासारखी वनस्पती चरबी, चिवटपणासाठी जिलेटिन, आंबटपणासाठी आम्ल आणि सुगंध घालतात, आणि मग तो गोळा यंत्रावर पुन्हापुन्हा ओढतात. जत्रेत रेवडीवाला खुंटीला पाक अडकवून ओढतो, तेच काम. प्रत्येक ओढीला आत बारीक हवा शिरते, पाक पांढरट होतो आणि दाताखाली मऊ लागतो. आता जिलेटिन पस्तिशीच्या आसपास सैल पडतं, आणि अकोला-वर्धा-चंद्रपूरचा मे महिना ४५ च्या घरात. पार्सलच्या गाडीत पत्र्याखाली त्याहून जास्त. आतली हवा निघून जाते, चरबी सुटते, वडी चपटी होते. पुढे गार झाल्यावर साखरेचे कण मोठे होतात आणि चॉकलेट रवाळ लागतं. एकदा रवाळ झालं की फ्रीजमध्ये ठेवूनही सुधारत नाही.

फक्त कागद चिकटला असेल तर मात्र उपाय आहे. दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, कागद सुटतो. फ्रीजमधून काढलेलं पाकीट मात्र वीसेक मिनिटं बंदच राहू द्या. लगेच फोडलं तर वडीवर दव धरतं आणि ती बाहेरून चिकट होते. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा हवाच. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत याच्या उलट होतं, उघडी राहिलेली वडी वातड होते.

आता चवी. यात सगळ्यात प्रसिद्ध जपानच्या मोरिनागा कंपनीचं हाय-च्यू, सध्याच्या रूपात १९७५ पासूनचं. च्युइंगम तोंडातून काढून टाकणं जपानमध्ये असभ्य मानत, म्हणून चघळून गिळता येईल असा पदार्थ करायची मूळ कल्पना. कापून पाहिलं तर बाहेर पांढरा थर, आत रंगीत गाभा. पहिल्या चार-पाच चावांत गोडी येते आणि फळ जरा उशिरा उघडतं, म्हणून दोनदा चावून गिळणाऱ्याला त्यातलं अर्धंही कळत नाही.

द्राक्षाच्या चवीवर आपल्याकडे हमखास तक्रार असते, ‘औषधासारखं लागतं’. ते खोटं नाही, पण ती चव आपल्या द्राक्षाची नाहीच. आपण खातो ती नाशिककडची हिरवी बिनबियांची द्राक्षं. जपानचं क्योहो हे मोठं काळं द्राक्ष, त्यात अमेरिकी जातीच्या द्राक्षाचा संकर. त्या अमेरिकी घराण्याच्या वासामागे मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं द्रव्य असतं, आणि द्राक्षाच्या गोळ्यांत, औषधांतही तेच घालतात. म्हणून द्राक्ष चाखायचंच तर हाय-च्यू आणि कोरियाचं मायचू एकापाठोपाठ चाखा. त्यांची तुलना आपल्या द्राक्षाशी नको, एकमेकांशी करा. खरबुजाच्या चवीला मात्र आपली जीभ लगेच होकार देते. नदीच्या रेतीत पिकलेल्या खरबुजाचा वास ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांना ती परकी वाटणार नाही.

संत्र्याची परीक्षा आपल्याइतकी चांगली दुसरं कोण घेणार? वरुड-मोर्शी, काटोलचा अंबिया बहार बाजारात असतो त्याच दिवसांत मागवा. जपानचं मिकानही आपल्या संत्र्यासारखंच सैल सालीचं. चॉकलेटातला संत्र्याचा सुगंध मुख्यतः सालीच्या तेलाचा असतो, रसाचा नव्हे. ताज्या संत्र्याची साल बोटात दुमडून पिळा, उडालेल्या तुषारांचा वास घ्या आणि मग वडी चावा. ज्या वडीत तो सालीचा किंचित कडवट झणका सापडतो ती चांगली, नुसती आंबट-गोड ती साधारण. फोड खायची तर आधी खा आणि मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या. वडीनंतर लगेच खाल्लेलं संत्रं कितीही गोड असलं तरी आंबट लागतं.

आपल्या हवेला आणि जिभेला जास्त मानवतात ती जिलेटिन नसलेली चॉकलेटं, हे माझं मत, आणि त्यांचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही. इंडोनेशियाचं टिंगटिंग जाहे म्हणजे आलं, साखर आणि पीठ. आलेपाक खाणाऱ्याला ते पहिल्याच घासात पटतं. फरक एवढाच की आलेपाक तोंडात विरतो आणि हे ताणलं जातं, त्यामुळे तिखटपणा हळूहळू चढतो. जपानच्या कागोशिमाचं बोंतान आमे चिकट तांदळाच्या पिठाचं, चव पपनसाची. या दोन्हींवरचा पातळ पारदर्शक पापुद्रा खायचाच असतो. तो सोलत बसू नका, जिभेवर विरघळतो. व्हिएतनामच्या बेन त्रे भागातली नारळाची चॉकलेटंही अशाच पापुद्र्यात येतात. त्यांत दुरियन नावाचं फळ घातलेला प्रकार असतो, त्याला फणस आणि कांदा एकत्र केल्यासारखा वास. तो वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर शेजारच्या सगळ्यांना तोच वास लागतो. थायलंडची चिंचेची वडी साखर, मीठ, मिरची लावलेली. काहींत चिंचोका तसाच असतो, तेव्हा पहिला चाव जपून.

चाखताना एका बैठकीत पाच-सहाच चवी घ्या. तासभर आधी चहा नको, आणि खर्रा तर मुळीच नको. चुना-सुपारीनं बधिर झालेल्या जिभेला खरबूज आणि पीच सारखेच. आधी दुधाच्या चवीचं, मग खरबूज-पीच, मग द्राक्ष-स्ट्रॉबेरी, मग संत्रं-लिंबू, शेवटी चिंच, आलं, दुरियन. दोन चवींमध्ये कोमट पाण्याचा घोट आणि चिमूटभर साधे मुरमुरे. प्रत्येक वडी अर्धी कापा. पहिला अर्धा नाक दाबून दहा वेळा चावा, मग नाक सोडा. त्या क्षणी जो वास चढतो तोच खरा ‘फ्लेवर’, आधीचं सगळं गोड आणि आंबट. आंबटातही भेद आहे. सायट्रिक आम्ल चटकन लागतं आणि उतरतं, हिरव्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल रेंगाळतं. अगदी लहान लेकरांना हे देऊ नका, घशात अडकतं. दातावर कॅप असेल तर ती निघूनही येऊ शकते.

जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतं. माळकरी घरात हाय-च्यू वाटण्याआधी हे सांगायलाच हवं. वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि शाकाहारी मालाचा हिरवा ठिपका किंवा मांसाहारी मालाचा तपकिरी त्रिकोण पाहा. हे लेबलच नसेल तर घेऊ नका. शांघायचं व्हाइट रॅबिट १९५९ पासूनचं नावाजलेलं दुधाचं चॉकलेट, पण २००८ मध्ये चिनी दुधात मेलामाइन या विषारी रसायनाची भेसळ सापडल्यानंतर भारतानं चिनी दूध आणि दूध घातलेल्या चॉकलेट-गोळ्यांवर बंदी घातली. २०१९ मध्ये, बंदरांवरच्या प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्याजोग्या होईपर्यंत, ती वाढवली.

तारखेतही लोक फसतात. जपान-चीन-कोरियात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. जपानी पाकिटावर बहुधा ‘या तारखेपर्यंत उत्तम’ अशी तारीख असते, तर चिनी पाकिटावर बनवल्याची, आणि टिकण्याचे महिने वेगळे दिलेले. थाई पाकिटावर २५६८ दिसलं तर घाबरू नका, ते बुद्धवर्ष आहे. त्यातून ५४३ वजा करा, २०२५ येतं.